वाटाड्या बदलता यायला हवा

नवी गाडी घ्यायला निघालेला माणूस रंग, मायलेज, हप्ते असं सगळं ठरवून झाल्यावर शेवटी एका प्रश्नापाशी येऊन अडतो. जास्तीचे पैसे मोजून कंपनी फिटेड नॅव्हिगेशनवालं वरचं मॉडेल घ्यावं, की खालचं घेऊन सिस्टीम नंतर बाहेरून बसवावी? मला गाड्यांतलं बरंच कळतं असा एक गैरसमज ओळखीच्या लोकांत पसरलेला असल्यामुळे हा प्रश्न वर्षातून दोन-चारदा माझ्याकडे येतो. मी उलट विचारतो, गाडी किती वर्षं ठेवणार? समोरचा जरा खट्टू होतो. त्याला स्क्रीन किती इंची यावर बोलायचं असतं, आणि मी विषय टाळतोय असं त्याला वाटतं.

खरं तर विषय तोच आहे. गाडी दीर्घायुषी असते. अमेरिकेत रस्त्यावर धावणाऱ्या गाड्यांचं सरासरी वय आता १२ वर्षांच्या वर गेलंय. सरासरी म्हटल्यावर पंधरा-वीस वर्षांच्या गाड्याही त्यात आल्याच. गाडीतला प्रोसेसर, मेमरी, मोडेम यांची जात मात्र मोबाइलची. पाच-सहा वर्षांत ते धापा टाकायला लागतात. आणि नकाशा तर तयार झाल्या दिवसापासूनच शिळा व्हायला लागतो. कुठे रस्ता एकेरी होतो, कुठे पूल उभा राहतो, कुठे दुभाजकातली फट रातोरात बुजवली जाते. तीन वेगवेगळ्या आयुर्मानाच्या गोष्टी एका पेटीत घालायच्या, ती पेटी डॅशबोर्डात कायमची ठोकायची आणि तिन्हींचे पैसे एकदाच घ्यायचे, असा हा कंपनी फिटेड नॅव्हिगेशनचा धंदा आहे.

माझं म्हणणं साधं आहे. गाडीबरोबर म्हातारं होणारं जे काही आहे ते कंपनीने गाडीत जरूर कायमचं बसवावं. छतावरचा अँटेना, चाकांचे सेन्सर, स्पीकर, स्टिअरिंगवरची बटणं, फार तर स्क्रीन. पण नकाशा आणि तो चालवणारा मेंदू गाडीच्या मालकाला हवा तेव्हा बदलता आला पाहिजे. आणि तो बदलता येतो की नाही, हे एकट्या कंपनीच्या मर्जीवर सोडता कामा नये. म्हणून हा प्रश्न मला खरेदीपुरता वाटत नाही, सार्वजनिक वाटतो.

यातलं थोडं शहाणपण मला विकत घ्यावं लागलं. आठ वर्षं वापरलेली एक गाडी मी घेतली होती. इंजिन ठणठणीत, गिअर लोण्यासारखे, आणि डॅशबोर्डात त्या काळचं महागडं नॅव्हिगेशन. पहिल्याच लांबच्या प्रवासात बायपास लागला. तो रस्ता नकाशापेक्षा वयाने लहान होता. आम्ही सहापदरी रस्त्यावरून ऐंशीच्या वेगाने चाललो होतो आणि स्क्रीनवरचा बाण हिरव्या शेतातून नांगर धरल्यासारखा चालला होता. दर मिनिटाला एक शांत बाई सांगत होती, शक्य होताच मागे वळा. नकाशा एका मेमरी कार्डावर होता आणि ते कार्ड त्याच गाडीशी बांधलेलं होतं. सर्व्हिस सेंटरवाल्याने कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाला, या मॉडेलचे मॅप आता येत नाहीत, साहेब. गाडी अजून दहा वर्षं पळाली असती. तिचा वाटाड्या मात्र तिच्या आधीच वारला होता. त्याला तिथून काढताही येत नव्हतं, कारण एसी आणि रेडिओही त्याच स्क्रीनवरून चालायचे.

गंमत अशी की या यंत्रांच्या जन्माच्या वेळी असं नव्हतं. होंडाने १९८१ मध्ये अकॉर्ड गाडीसाठी इलेक्ट्रो जायरोकेटर आणला. उपग्रह वगैरे काही नाही. हेलियम वायूच्या झोतावर चालणारा जायरोस्कोप गाडी किती वळली ते मोजायचा, चाकांवरून अंतर कळायचं, आणि एका छोट्या पडद्यावर प्रकाशाचा ठिपका सरकायचा. नकाशा? तो पारदर्शक कागदावर छापलेला असायचा. पडद्यासमोर सरकवायचा, गाडी कागदाच्या कडेला पोचली की पुढचा कागद लावायचा. यंत्र गाडीत, नकाशा हातात. चार वर्षांनी, १९८५ मध्ये, अमेरिकेत इटॅक नावाचं यंत्र आलं. ते बाहेरून बसवायचं होतं आणि त्याचे नकाशे कॅसेटवर यायचे, गाण्याच्या असतात तशाच. एका मोठ्या शहराला एक कॅसेट पुरायची नाही. त्याचं नाव प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या खलाशांच्या एका संकल्पनेवरून घेतलेलं: होडी जागेवर स्थिर आहे आणि बेटंच तिच्या दिशेने सरकत येताहेत असं मानून दिशा ठेवायची. इटॅकच्या पडद्यावरही गाडी मध्ये स्थिर आणि नकाशा तिच्याभोवती फिरणारा. आज प्रत्येक मोबाइलवर दिसतं ते दृश्य तिथलंच.

तेव्हा दोन्ही यंत्रांत नकाशा ही वेगळी, बदलायची वस्तू होती. त्याला तत्त्व कारण नव्हतं, मेमरीची टंचाई होती, हे मान्य. पण योगायोगाने का होईना, रचना बरोबर होती.

१९९० मध्ये माझदाच्या युनोस कॉस्मोत जीपीएसवर चालणारं नॅव्हिगेशन कारखान्यातूनच बसून आलं, आणि त्याच वर्षी पायोनियरने बाहेरून बसवायचं जीपीएस यंत्रही बाजारात आणलं. म्हणजे कंपनीचं की बाहेरचं, हे भांडण पहिल्या दिवसापासूनचं. त्या काळी अमेरिकी लष्कर नागरी वापराच्या जीपीएस संदेशात मुद्दाम गडबड करायचं, त्यामुळे जागा शंभरेक मीटरने चुकायची. २००० सालच्या मे महिन्याच्या सुरुवातीला ही गडबड बंद झाली. त्यानंतर काचेवर चिकटवायच्या नॅव्हिगेशनच्या डब्यांचं युग आलं. टॉमटॉम कंपनीचा गो हा असाच डबा, २००४ चा. ते युग पाच वर्षं टिकलं. ऑक्टोबर २००९ मध्ये गुगलने फोनवर फुकट वळणावळणाचं मार्गदर्शन जाहीर केलं आणि त्याच दिवशी टॉमटॉम आणि तसेच डबे विकणारी गार्मिन यांचे शेअर कोसळले. तेव्हापासून आफ्टरमार्केट, म्हणजे बाहेरून बसवायचं सामान, या शब्दाचा खरा अर्थ खिशातला फोन असा झालाय. बाकी सगळं त्या फोनला बसायला दिलेली जागा.

तरीही कंपनीच्या सिस्टीमला मी सरसकट मोडीत काढणार नाही. तिच्याकडे एक गोष्ट आहे जी खिशातल्या फोनकडे कधीच असणार नाही: ती गाडीचा अवयव आहे. जीपीएसचे उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवरून संदेश पाठवतात आणि तो जमिनीवर पोचतो तेव्हा इतका क्षीण झालेला असतो की काँक्रीटचं छप्पर त्याला सहज गिळतं. बोगद्यात, बहुमजली पार्किंगमध्ये, उंच इमारतींच्या गल्लीत फोन चाचपडतो. बोगद्याच्या पोटात रस्त्याला फाटा असेल तर फोनवाल्याने नवस बोलावा. कंपनीच्या सिस्टीमला चाकांचे फेरे कळतात, स्टिअरिंग किती वळलं ते कळतं, जायरोस्कोप असतो. उपग्रह नसतानाही ती मागच्या जागेवरून पुढची जागा हिशेबाने काढत राहते. जायरोकेटर हेच करायचा. शिवाय तिचा अँटेना छतावर, उघड्या आभाळाखाली. फोन काचेमागे उन्हात तापतो आणि नेमक्या मोक्याच्या वळणावर गरम झाल्याची पाटी दाखवून मिटतो. काही गाड्यांच्या पुढच्या काचेवर उष्णता अडवणारा धातूचा पातळ थर असतो, तो संदेशही अडवतो.

इलेक्ट्रिक गाडीत तर पारडं आणखी झुकतं. बॅटरीत किती चार्ज उरलाय, पुढे चढ किती, बाहेर थंडी किती, हे सगळं धरून कुठल्या चार्जरवर थांबायचं हे गाडीचं स्वतःचं नॅव्हिगेशन सांगू शकतं. इतकंच काय, फास्ट चार्जरकडे निघालोय हे कळलं की ते वाटेतच बॅटरी योग्य तापमानाला आणायला लागतं, म्हणजे पोचल्यावर चार्जिंग लवकर होतं. फोनला हे आपलं आपण करता येत नाही.

पण इथे थांबून नीट बघा. चाकांचे सेन्सर, अँटेना, बॅटरीचा हिशेब, हे सगळे गाडीचे गुण आहेत. नकाशाचे नाहीत. गाडीने ही माहिती एखाद्या ठरलेल्या वाटेने फोनला दिली तर फोनही बोगद्यात चुकणार नाही. हे स्वप्नरंजन नाही. ॲपल कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो या फोनचा मॅप गाडीच्या पडद्यावर आणणाऱ्या सोयी, दोन्ही २०१४ मध्ये जाहीर झाल्या, त्यांच्यात गाडीने आपली जागा आणि वेग फोनला कळवण्याची सोय आहे. फोर्डच्या मस्टँग मॅक-ई आणि पोर्शेच्या टायकानमध्ये ॲपलच्या मॅपला बॅटरीची माहितीही मिळते आणि तो चार्जिंगचे थांबे धरून रस्ता आखतो. म्हणजे वाटाड्या बाहेरचा आणि पाय गाडीचे, अशी जोडी जुळते. जिथे जुळत नाही तिथे तंत्राची अडचण कमी आणि इच्छेची जास्त असते.

आता दुसरी बाजू. बाहेरून बसवण्याच्या नावाखाली जे काही चालतं त्याची वकिली करायची मला अजिबात हौस नाही. खोट्या नावांचे, आत कुठल्या तरी जुन्या अँड्रॉइडची आवृत्ती आणि पेटीवर नवी, असे स्टिरिओ ढिगाने मिळतात. सुरू व्हायलाच मिनिट घेतात. जीपीएसचा अँटेना बसवणाऱ्याने डॅशबोर्डाच्या आत पत्र्याखाली कोंबलेला असतो, मग बाण शेजारच्या गल्लीतून चालतो आणि मालक गुगलला शिव्या देतो. सगळ्यात वाईट म्हणजे वायर कापणं. मूळ हार्नेस, म्हणजे गाडीतल्या वायरांचा जुडगा, कापून, पिळून, वर टेप गुंडाळून दिलेलं काम सहा महिने चालतं, मग सकाळी बॅटरी उतरलेली सापडते, कारण कुठलीशी वायर किल्ली काढल्यावरही चालूच राहते. कपलरला, म्हणजे वायरांच्या टोकाच्या तयार प्लगला, कपलर जोडून, एकही वायर न कापता काम होणार असेल तरच सिस्टीम बदला, नाही तर मोबाइल स्टँड घ्या आणि गप्प बसा, हा माझा सल्ला असतो. स्टँडही एअरबॅग उघडते त्या जागी नको. स्फोटाच्या वेगाने उघडणाऱ्या पिशवीपुढे फोन हा दगड होतो.

आणखी एक. गाडी चालू असताना पडद्यावर व्हिडिओ दिसू नये म्हणून बाहेरच्या बहुतेक युनिटमध्ये हँडब्रेकची एक वायर जोडायची असते. बसवणारे ती सरळ बॉडीला अर्थ करून टाकतात, म्हणजे युनिटला वाटतं गाडी कायम उभीच आहे. गिऱ्हाईक खूश. अशा दहा गिऱ्हाइकांमुळे कंपन्यांना म्हणायला तोंड मिळतं की बघा, बाहेरचं सामान धोक्याचंच.

त्यांच्या या तक्रारीत तथ्य असलं तरी त्यांचं स्वतःचं घर तपासायला हवं. अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा प्रशासनाने २०१३ मध्ये गाडीत बसून येणाऱ्या यंत्रांसाठीच मार्गदर्शक तत्त्वं काढली: एका नजरेत २ सेकंदांहून जास्त वेळ डोळे रस्त्यावरून हलू नयेत, आणि एका कामाला सगळं मिळून १२ सेकंदांहून जास्त नजर लागू नये. ही सक्ती नव्हती, सूचना होती. २०१७ मध्ये अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनच्या फाउंडेशनसाठी युटा विद्यापीठाने तीस नव्या गाड्या तपासल्या. पत्ता घालायला सरासरी ४० सेकंद लागत होते. शंभरच्या वेगाने ४० सेकंदांत गाडी एक किलोमीटरहून जास्त पुढे जाते. पुढच्या वर्षी त्याच मंडळींनी पाच गाड्यांत कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो कंपनीच्या सिस्टीमशेजारी ठेवून बघितले, तर रस्ता लावायचं काम फोनवाल्या पद्धतीने सरासरी १५ सेकंद लवकर झालं. दोन्ही निर्दोष नाहीत असंही त्यांनी बजावलं. पण गाडीत ठोकलेलं म्हणजे आपोआप सुरक्षित, हा दावा तिथेच ढिला पडतो.

कारण उघड आहे. फोनवर आपण तेच बटण दिवसातून वीसदा दाबतो. हाताला सवय असते, पत्ते आधीच साठवलेले असतात, घरातून निघण्यापूर्वी सोफ्यावर बसून रस्ता लावता येतो. कंपनीच्या सिस्टीमची भाषा मात्र दर गाडीला नव्याने शिकायची. आणि ती सिस्टीम आखली जाते गाडी बाजारात येण्याच्या तीन-चार वर्षं आधी. नवी कोरी गाडी दारात उभी राहते तेव्हाच तिच्या पडद्याचं बालपण सरलेलं असतं.

वाहतुकीची ताजी खबर हा तर सरळ संख्येचा खेळ आहे. पुढे कोंडी आहे हे कळतं ते कोंडीत अडकलेल्यांच्या खिशातल्या फोनवरून. फोनची सिस्टीम रस्त्यावरच्या सगळ्या जातींच्या गाड्या मोजते. एका कंपनीची सिस्टीम स्वतःच्या गाड्यांवर किंवा विकत घेतलेल्या माहितीवर भागवते. कंपन्यांना हे कळत नव्हतं असं नाही. आउडी, बीएमडब्ल्यू आणि डाइमलर या एरवी एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या तीन कंपन्यांनी २०१५ मध्ये एकत्र येऊन नोकियाकडून हिअर ही नकाशा कंपनी सुमारे २.८ अब्ज युरोंना घेतली. चालक विकत घेतो ती गाडी, पण उद्याची दुभती गाय नकाशा आहे हे त्यांनी वेळेत ओळखलं.

दुभती गाय म्हटलं की दूध कोण काढतं हे विचारायला हवं. गाडी कुठे जाते, किती वाजता, किती जोरात ब्रेक मारते, हे सगळं गाडीतल्या सिस्टीमला कळतं आणि तिचा मोडेम ते बाहेर पाठवतो. फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिला फाउंडेशनने २०२३ मध्ये २५ ब्रँडच्या गाड्यांची खासगीपणाची धोरणं वाचली. एकही पास झाला नाही. २०२५ च्या जानेवारीत फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित बघणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने जनरल मोटर्सवर ठपका ठेवला की लाखो चालकांची नेमकी जागा आणि गाडी चालवण्याची पद्धत पुरेशी कल्पना न देता गोळा करून विकली, आणि त्यातली माहिती विम्याच्या हप्त्यांपर्यंत पोचली. फोनवाल्या कंपन्या संत आहेत असं मी म्हणत नाही. माझ्या फेऱ्यांची नोंद त्याही ठेवतातच. फरक एवढाच की फोनवरचं ॲप आवडलं नाही तर मी काढून दुसरं घालतो. लोकांनी मिळून बनवलेल्या ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारी, इंटरनेटशिवाय रस्ता दाखवणारी ॲप आहेत. तो प्रकल्प २००४ पासून चालू आहे. डॅशबोर्ड मात्र काढून दुसरा घालता येत नाही.

एके काळी येत होता. जर्मन मानकांच्या डीआयएन, बोलीत डिन, या संस्थेने गाडीतल्या रेडिओची खाच ठरवून दिली: १८० मिलिमीटर रुंद, ५० मिलिमीटर उंच. पुढे ते आंतरराष्ट्रीय मानक झालं, दुप्पट उंचीची डबल डिन आली. ही खाच म्हणजे माझ्या मते गाडीच्या इतिहासातल्या थोर लोकशाही गोष्टींपैकी एक. कुठल्याही गाडीत कुठल्याही कंपनीचा स्टिरिओ बसायचा. कॅसेट गेली, सीडी आली, सीडी गेली, यूएसबी आली. गाडी तीच राहिली. वीस वर्षांच्या गाडीत आजही तासाभरात नवा स्टिरिओ बसतो आणि त्यावर फोनचा मॅप दिसतो. उलट माझ्या त्या आठ वर्षांच्या श्रीमंत गाडीत काहीच बसत नव्हतं. जुनी गरीब गाडी नव्या जगात आली आणि श्रीमंत गाडी बाहेर राहिली. आता स्क्रीन डॅशबोर्डाच्या आकाराचीच करतात, तिच्यात एसी, सीट, दिवे सगळं कोंबतात, आणि खाच नाहीशी होते. सौंदर्यासाठी, असं सांगितलं जातं.

खाच गेल्यावर उरली होती एक मऊ खाच: केबल लावली की फोनचा मॅप गाडीच्या पडद्यावर. तीही बुजवायला सुरुवात झाली आहे. टेस्ला आणि रिव्हियन या इलेक्ट्रिक गाड्यांच्या अमेरिकी कंपन्यांनी गाड्या आणल्या त्या ही सोय न ठेवताच. जनरल मोटर्सने २०२३ मध्ये जाहीर केलं की यापुढच्या इलेक्ट्रिक गाड्यांतून ती काढून टाकणार, त्याऐवजी गाडीतच बसवलेली गुगलची सिस्टीम देणार. कारणं दिली जातात एकात्मिक अनुभवाची, सुरक्षिततेची. मासिक वर्गणीचा उल्लेख हळू आवाजात होतो.

सुरक्षिततेचं कारण थोडं उलगडून बघण्यासारखं आहे. बाहेरचं यंत्र गाडीच्या आतल्या जाळ्याला जोडलं तर हॅकर शिरेल, असं सांगतात. तात्त्विकदृष्ट्या बरोबर. पण या विषयातला सगळ्यात गाजलेला प्रसंग २०१५ चा. दोन संशोधकांनी धावत्या जीप चेरोकीचा ताबा लांबून घेतला, आणि फियाट क्रायस्लरला अमेरिकेत १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. ते शिरले कुठून? कंपनीनेच बसवलेल्या, कायम मोबाइल नेटवर्कला जोडलेल्या हेड युनिटमधून, म्हणजे डॅशबोर्डातल्या स्क्रीनवाल्या पेटीतून. दाराला कुलूप नव्हतं, आणि दार घराच्या मालकाने नव्हे तर बांधणाऱ्याने ठेवलं होतं.

आणि म्हातारपण. टेस्लाच्या जुन्या मॉडेल एस आणि एक्समध्ये स्क्रीनमागच्या कॉम्प्युटरला ८ जीबीची फ्लॅश मेमरी होती. अशा मेमरीवर लिहून-पुसून ती झिजते. ती झिजली की पडदा बंद, पडदा बंद म्हणजे रिव्हर्सचा कॅमेरा बंद. २०२१ मध्ये अशा सुमारे १,३५,००० गाड्या परत बोलवल्या गेल्या. एका चिपच्या झिजण्याने गाडी अर्धी आंधळी. २०२२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत एटी अँड टी या मोबाइल कंपनीने जुनं थ्रीजी नेटवर्क बंद केलं, तेव्हा वेगवेगळ्या कंपन्यांच्या धडधाकट गाड्यांतल्या ऑनलाइन सोयी एका रात्रीत मुक्या झाल्या. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्यांचा आकडा १० बिटांत मावतो, म्हणजे १,०२४ आठवड्यांनी तो परत शून्यावर येतो. तसं १९९९ च्या ऑगस्टमध्ये झालं आणि ६ एप्रिल २०१९ ला पुन्हा. तयारी नसलेल्या यंत्राची तारीख तेव्हा चुकते. वीस वर्षांची वस्तू बनवणाऱ्याने ही तजवीज आधीच करायला हवी. फोनच्या बाबतीत ही चिंता कुणी करत नाही, कारण तोवर तो फोन कुणाकडे नसतो.

म्हणून मला कायद्याकडून दोन-तीन गोष्टी हव्या आहेत. फार क्रांतिकारक नाहीत. गाडी विकताना नॅव्हिगेशनची शेवटची तारीख लिहून द्या: या सालापर्यंत नकाशे ताजे मिळतील, या सालापर्यंत ऑनलाइन सोय चालेल, त्यात इतकी वर्षं फुकट आणि पुढे इतके पैसे. औषधाच्या पट्टीवर असते तशी. दुसरं, फोन किंवा दुसरं यंत्र जोडायची वाट गाडीच्या पूर्ण आयुष्यासाठी उघडी ठेवा आणि जागा, वेग, बॅटरी एवढी माहिती त्या वाटेने द्या. ब्रेक आणि स्टिअरिंगचं जाळं बंद ठेवा, ते कुणी मागतही नाही. वाचायला देणं आणि हुकूम करू देणं यांतला फरक इंजिनिअरना नीट कळतो. तिसरं, रस्ता दाखवणारा पडदा मेला तरी काच साफ करणं, दिवे, धुकं घालवणं, मागचा कॅमेरा चाललं पाहिजे.

अशा मागण्या अशक्य असतात असं सांगणाऱ्यांनी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याकडे बघावं. तिथल्या मतदारांनी २०२० मध्ये गाडीच्या मालकाला आणि बाहेरच्या गॅरेजला गाडीची वायरलेस माहिती मिळण्याचा हक्क मतदानाने मंजूर केला. कंपन्या लगेच कोर्टात गेल्या, खटला वर्षानुवर्षं चालला. म्हणजे हक्क सोपा नाही. पण मतपेटीत घालण्याइतका तो लोकांना कळतो, हे त्यातून दिसलं.

याच्याविरुद्ध एक मुद्दा मला खरोखर अडवतो, तोही सांगतो. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या गाडीत वेगमर्यादेची आठवण करून देणारी यंत्रणा सक्तीची आहे. ती कॅमेऱ्याने पाट्या वाचते आणि अनेक गाड्यांत नकाशाचाही आधार घेते. उद्या गाडी स्वतःच वळणं घेऊ लागली तर तिला लेनच्या रुंदीपर्यंतचा नकाशा लागेल, आणि तो मी डाउनलोड केलेला हौशी नकाशा असून चालणार नाही. मान्य. जो नकाशा गाडी स्वतःच्या डोळ्यांसाठी वापरते त्याची जबाबदारी कंपनीचीच, आणि गाडी रस्त्यावर असेपर्यंत तो ताजा ठेवणं हेही तिचंच काम, फुकट. ब्रेकसाठी कुणी वर्गणी मागत नाही. मला कुठे जायचंय आणि कुठल्या रस्त्याने, एवढं सांगणारा वाटाड्या मात्र माझा.

तोवर विचारायला येणाऱ्यांना मी काय सांगतो? पेट्रोल किंवा डिझेलची गाडी असेल तर नॅव्हिगेशनसाठी म्हणून वरचं मॉडेल घेऊ नका. फोन पडद्यावर येतोय ना, केबलने आणि बिनकेबलने, तेवढं स्वतः जोडून बघा. विक्रेत्याच्या फोनने नको. इलेक्ट्रिक असेल तर कंपनीचं नॅव्हिगेशन घ्या, पण फोनची सोय असलेल्या गाडीतलं. जुन्या गाडीत खाच असेल तर चांगल्या कंपनीचा स्टिरिओ, कपलर टू कपलर. खाच नसेल तर स्टँड. आणि कुठेही जा, नकाशाचा तो भाग आधी फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण रस्ता चुकतो तिथेच नेटवर्कही नसतं.

माझी ती बाण नांगरणारी गाडी अजून आहे. काचेखाली स्टँड लावलाय, मधला मोठा पडदा रेडिओपुरता उरलाय. घेतल्यानंतर पहिल्याच आठवड्यात चुकून त्यावरचं 'होम' बटण दाबलं गेलं होतं. शांत बाई लगेच रस्ता सांगायला लागली. आधीच्या मालकाचं घर होतं ते; वर्षानुवर्षं, रोज संध्याकाळी गाडी जिथे जायची ते फाटक, नंबरासकट. मी गाडी कडेला घेतली आणि मॅन्युअल काढून, चौदा वेळा बटणं दाबून, तो पत्ता पुसला. माझा अजून घातलेला नाही.